बर्फावरचे जांभळे चौकोन

आमच्या घरातला कॉम्प्युटर मूळचा माझ्या नवऱ्याचा. अलिबागच्या आसपास मुंबईकरांचे बंगले उठायला लागले तेव्हा त्याला नकाशांची कामं मिळायला लागली. बंगला बांधून झाल्यावर कसा दिसेल याची चित्रंही लोक मागत. त्या चित्रांसाठी त्यानं मुंबईहून सुटे भाग आणून, चांगलं ग्राफिक्स कार्ड टाकून एक दणकट मशीन उभं केलं होतं. पुढे त्यानं लॅपटॉप घेतला, कारण तो गाडीत टाकून साइटवर नेता येई. मशीन मागच्या खोलीत कपड्यांच्या कपाटाशेजारी जाऊन बसलं आणि हळूहळू माझं झालं.

मुलगी शिकायला पुण्याला गेली त्या वर्षी मी गेम खेळायला लागले. सुट्टीत तिनं त्या मशीनवर एक गेम घातला होता आणि तो अर्धाच टाकून ती गेली. घोडेस्वाराचा गेम होता. डोंगर, देवदारांची जंगलं, नद्या, अधूनमधून वाटमारे, आणि एका जुन्या वैराची लांबलचक गोष्ट. मी अलिबागला एका सरकारी कचेरीत कारकून आहे. दिवसभर लोकांचे अर्ज आणि त्यांचे राग झेलून संध्याकाळी चौलला परतायचं, चहा प्यायचा, मागच्या खोलीत जाऊन घोडा काढायचा, अशी सवयच लागली. चाळिशी उलटलेल्या बाईनं हे करावं याचं सुरुवातीला मलाच अवघडल्यासारखं होई. मी दार लोटून बसायची.

ते दार उघडलं सासूबाईंनी. टापांचा आवाज कसला येतो ते बघायला त्या आल्या होत्या. उंबऱ्यात उभं राहून त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, "हा घोडा कुणाचा?"

माझा, म्हटलं.

"पाणी दाखवलंस त्याला?"

मी घोडा नदीकडे वळवला. तो खरंच मान खाली घालून पाणी प्यायला, आणि सासूबाई खुर्ची ओढून बसल्या.

मग त्या रोज यायला लागल्या. तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लावला की हातात काहीतरी काम घेऊन यायच्या. बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलायचे असत, नाहीतर हंगामात पांढऱ्या कांद्याच्या माळा विणायच्या असत. सगळं आयुष्य नारळ-सुपारीच्या वाडीत राबण्यात गेलेलं, त्यामुळे रिकाम्या हातानं बसणं त्यांना जमायचं नाही. नजर पडद्यावर आणि बोटं वालांवर. मारामारी त्यांना आवडत नसे. वाटमारे आले की उठून आमटी बघायला जायच्या आणि स्वयंपाकघरातून विचारायच्या, "गेले का गो ते?" गेले म्हटलं की परत येऊन बसायच्या. वैराच्या गोष्टीचं पुढे काय झालं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांना फिरायला हवं असे, आणि तेही वर, बर्फाच्या डोंगरावर. मला लढाया जिंकायच्या असत. शेवटी न ठरवताच एक वाटणी झाली. आधी माझी मारामारी, मग त्यांचा बर्फ.

तोवर आमच्या दोघींत कधी भांडण नव्हतं, पण गप्पाही नव्हत्या. त्या मुळात कमी बोलणाऱ्या. मी सकाळी डबा घेऊन बाहेर पडायची ती संध्याकाळी यायची. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही एकमेकींशी भाजीबद्दल, गॅसच्या सिलेंडरबद्दल आणि मुलीच्या तब्येतीबद्दल बोललो होतो. आता एकदम बोलायला विषय मिळाले. पलीकडच्या खिंडीतनं जायचं की नदीकाठानं, काळा घोडा बरा की ठिपक्यांचा, त्या पुलाजवळच्या म्हाताऱ्याचं घर कधी उघडं का नसतं.

एका उन्हाळ्यात, पांढरे कांदे बाजारात यायला लागले होते त्या दिवसांत, मला बर्फावर एक जांभळा चौकोन दिसला. नखाएवढा. मी घोडा पुढे नेला तर तो नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशी तीन-चार दिसले, मग रोजच दिसायला लागले. कधी बर्फावर, कधी आकाशात, आणि एकदा तर घोड्याच्या पाठीवर. ग्राफिक्स कार्ड म्हातारं झालं की असं होतं हे मला ठाऊक होतं. पडद्यावर जे काही दिसतं ते रंगवण्याचं काम त्या कार्डाचं, आणि दमलेलं कार्ड रंगवताना चुकतं. पण आमचं नुकतंच घराच्या कौलांचं काम झालेलं. आणखी एक खर्च काढणं जिवावर आलं. सासूबाई काही बोलत नाहीत म्हणजे त्यांना दिसत नसेल अशी मी समजूत करून घेतली. त्या मात्र वाल सोलता सोलता मध्येच थांबून चष्मा काढायच्या, पदरानं पुसायच्या, परत घालायच्या. ते मी पाहत होते, पण त्यावर विचार केला नाही.

मग एके दिवशी दुपारच्या सुट्टीत मी अलिबागच्या एसटी स्टँडसमोर पाव घ्यायला गेले. स्टँडच्या बाकावर एक म्हातारी काळा चष्मा लावून बसली होती. हिरव्या काठाचं लुगडं ओळखीचं वाटलं. जवळ गेले तर आमच्याच सासूबाई. एकट्या. घरी कुणालाही न सांगता आलेल्या.

मी घाबरून विचारलं, "आई, तुम्ही इथं कशा?"

आवाज ओळखून त्यांनी मान वर केली. काळा चष्मा त्यांना आदल्या दिवाळीत मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला होता. त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. डॉक्टरांनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या करून तपासलं होतं, त्यामुळे उन्हात त्यांना काही दिसत नव्हतं आणि चौलची गाडी कुठली ते कळत नव्हतं. बराच वेळ त्या तशाच बसल्या होत्या. काय होतंय, कधीपासून होतंय, असं मी विचारत राहिले. आधी त्या टाळत होत्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ऑपरेशन बिघडलंय माझं. जांभळं-जांभळं दिसतंय."

"कुठं दिसतं?"

"सगळीकडं न्हाय." त्यांनी आजूबाजूची चाहूल घेतली. "त्या बर्फावरच दिसतं."

मला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले आणि सांगितलं, की ते चौकोन मलाही दिसतात, बरेच दिवस दिसतायत, आणि तुमचा डोळा चांगला आहे, मशीन बिघडलंय. त्यांचा पटकन विश्वास बसेना. मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोलते आहे असं त्यांना वाटलं. मग मी घोड्याच्या पाठीवरच्या चौकोनाबद्दल बोलले, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "शेपटीकडं होता तो?" शेपटीकडेच होता.

डॉक्टरांनी काय सांगितलं, असं विचारलं तर म्हणाल्या, तो म्हणतो डोळा काचेसारखा साफ हाय. पण चौकोन कुठं दिसतात हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. या वयात सुनेबरोबर बसून घोड्याचा खेळ बघते हे परक्या माणसाला कसं सांगायचं? आणि घरी सांगितलं असतं तर परत ऑपरेशन, परत महिनाभर पडद्याकडे बघायची बंदी. म्हणून त्या गप्प बसल्या होत्या. मी कचेरीत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं. वाटेत नागावच्या पुढे त्यांना आपोआप हसू येत होतं. काळ्या चष्म्याआड डोळे दिसत नव्हते, पण खांदे हलत होते.

त्याच आठवड्यात कार्ड गेलं. नवऱ्यानं मशीन उघडून पाहिलं. आमच्याकडे खाडीच्या वाऱ्यानं खिडकीच्या बिजागऱ्या गंजतात, सायकलची साखळी गंजते. मशीनच्या पोटात तरी वेगळं काय होणार. कार्डाची मागची पट्टी तांबडी झाली होती आणि पंख्यावर धुळीचा चिकट थर बसला होता. त्यानं ब्रशनं साफसफाई केली, पंख्याला तेल दिलं. दोन संध्याकाळी निभावल्या. तिसऱ्या संध्याकाळी घोडा पुलावर असताना पडदा काळा झाला तो झालाच. कार्ड काढून टाकल्यावर मशीन साधं चालत होतं. त्यावर विजेचं बिल भरता येत होतं, पत्र टाइप करता येत होतं. घोडा तेवढा निघत नव्हता.

नवऱ्याचं म्हणणं, आता त्या जुन्या डब्यावर खर्च करू नको, थोडे पैसे साठव आणि नवीन सगळंच घे. त्याचं बोलणं शहाणपणाचं होतं. पण सगळं नवीन म्हणजे दिवाळीपर्यंत थांबणं आलं. मी कार्डांची माहिती वाचायला बसले, आणि मला कळलं की जुन्या मशीनला नवं कार्ड शोधणं म्हणजे भलतंच नाजूक काम आहे. कार्ड फार तगडं घेतलं तर जुना प्रोसेसर त्याच्या मागे धापा टाकतो आणि कार्डाची निम्मी ताकद फुकट जाते. मोठी कार्डं वीज इतकी ओढतात की आमच्या मशीनचा वीजपुरवठ्याचा डबा बसून जाईल. आणि लांबी. काही कार्डं इतकी लांब असतात की आमच्या कॅबिनेटमध्ये ती तिरकीसुद्धा शिरणार नाहीत. मी शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन मशीनच्या पोटात हात घालून मापं घेतली. नवरा दारात उभं राहून बघत होता. घरात नकाशे काढणारा मी आहे ना, एवढंच म्हणाला.

सासूबाई रोज विचारायच्या, काय ठरलं? मी त्यांना समजावून सांगायची. किती जागा लागते, किती वीज खातं, किती तापतं. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "म्हंजे स्थळ बघण्यासारखंच हाय. घरात मावली पायजे, खायला पुरलं पायजे, आणि डोकं थंड पायजे."

कार्ड नसतानाही त्या दिवा लावल्यावर मागच्या खोलीत यायच्या. सवयच झालेली. मी काळ्या पडद्यासमोर बसलेली, त्या खुर्चीवर वाल सोलत. टीव्हीवरच्या मालिका दोघींनाही आवडत नव्हत्या. एकदा शेजारच्या वाडीतल्या काकू कुंपणापाशी थांबून मला म्हणाल्या, "तुमचा घोडा बरा झाला का गो?" मला आधी कळेना. मग उलगडा झाला, सासूबाईंनी आळीभर सांगितलं होतं की आमचा घोडा आजारी आहे. काकूंना वाटत होतं, किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या लोकांसारखा आम्हीही कुठे तरी घोडा ठेवलाय. मी त्यांना खरं सांगायला लागले आणि मध्येच सोडून दिलं. अजून आजारीच आहे म्हटलं.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी मी सासूबाईंना विचारलं, की तुम्हाला बर्फच का बघायचा असतो. त्यांनी वालाचं साल काढता काढता सांगितलं. सासऱ्यांनी एकदा वाडीतल्या सुपारीचे चांगले पैसे आले म्हणून दोघांसाठी हिमाचलची सहल ठरवली होती. माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. घाटात बस लागली आणि सासूबाईंना उलट्या सुरू झाल्या. वर पोचल्यावर सगळी मंडळी उतरून बर्फात गेली, आणि यांना उठवेना. त्या बसमध्येच सीटवर डोकं टेकून राहिल्या.

"ह्यांनी खिडकीतनं आणून दिला," त्या म्हणाल्या. "मूठभर. माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, घे, बघितलास ना आता. मी घट्ट धरून बसले तर पाणीच झालं."

सासरे होते तोवर या गोष्टी कधी बोलले नव्हते. मी त्यांना पाहिलं ते अबोल, कडक, अंगणात सुपाऱ्या निवडत बसलेला माणूस म्हणून. बर्फाची मूठ घेऊन बसच्या खिडकीकडे पळत येतानाचा त्यांचा चेहरा मला डोळ्यांसमोर आणता येईना. मी तसं म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, तुला दिसला न्हाय, मला दिसला.

दुसऱ्याच दिवशी मी नवऱ्याला सांगितलं की दिवाळीपर्यंत काही थांबायचं नाही. तो ऑनलाइन मागवू म्हणाला. मला हातात घेऊन बघायचं होतं. मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाते, शनिवारी सुट्टी आहे, असं ठरवलं. सासूबाई म्हणाल्या, मी येनार. गुडघे दुखतात, चालवत नाही, ऊन आहे, हे सगळं आम्ही दोघांनी सांगून झालं. त्यांनी शांतपणे कपाटातून ठेवणीतलं लुगडं काढलं.

नवऱ्यानं आम्हाला सकाळी रेवसच्या धक्क्यावर सोडलं. मांडव्याची मोठी बोट आरामाची असते हे मी सांगून पाहिलं होतं, पण सासूबाईंना रेवसची लाँचच हवी होती. माहेरच्या लोकांबरोबर त्या पूर्वी तिनंच गेल्या होत्या. ओहोटी होती, लाँच खाली गेलेली आणि पायऱ्या शेवाळलेल्या. खलाशानं त्यांना एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं धरलं. त्या प्रत्येक पायरीवर बसत-बसत उतरल्या. लाँचमध्ये बसल्यावर मी पाहिलं, त्यांच्या पिशवीतून पांढऱ्या कांद्याची माळ डोकावत होती. ही कशाला, म्हटलं. म्हणाल्या, दुकानदाराला. एवढं मोठं काम घेऊन जातोय, रिकाम्या हातानं कसं जायचं?

भाऊच्या धक्क्यावरून आम्ही टॅक्सी केली. दुकान एका जिन्याखाली होतं. अरुंद, आत थंडगार, छतापर्यंत खोकी रचलेली. गल्ल्यावर कपाळाला केशराचा टिळा लावलेले, साठीच्या घरातले गुजराती शेठ बसले होते, आणि कोपऱ्यात एक कारागीर मशीन जोडत होता. शेठनी आम्हा दोघींना बघून स्टूल पुढे केलं आणि विचारलं, "बेटा कौनसी गेम खेलता है?"

सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ये खेलती हाय. मैं बघती."

शेठ हसले नाहीत, हे मला फार आवडलं. त्यांनी सरळ मला विचारलं, प्रोसेसर कुठला, वीजपुरवठा किती, कॅबिनेट केवढं. मी मापं सांगितली. तेवढ्यात सासूबाईंनी माळ काढून गल्ल्यावर ठेवली. शेठ जरा मागे सरकले आणि हात जोडले. "माँजी, हम लोग कांदा नहीं खाते." सासूबाई ओशाळल्या आणि माळ परत पिशवीत घालायला लागल्या. कोपऱ्यातला कारागीर उठून आला, मी खातो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी माळ घेऊन त्यानं ती आपल्या डब्याच्या पिशवीत नीट ठेवली. कांदा अलिबागचा आहे ना, असं त्यानं विचारल्यावर सासूबाईंचा चेहरा सावरला.

शेठनी दोन कार्डं समोर ठेवली. एक नवं, दोन पंख्यांचं, साधं काळं, माझ्या हाताच्या पंजापेक्षा थोडं मोठं. दुसरं वापरलेलं, पण केवढं. तीन पंखे, आणि जोडून दाखवल्यावर कडेनं निळे-गुलाबी दिवे पळायला लागले. किमतीत फारसा फरक नव्हता. मोठं कार्ड ताकदीनं दुप्पट होतं, आणि माझं मन त्याच्यावर गेलं हे कबूल करायला हवं. मारामाऱ्या काय झकास दिसल्या असत्या. पण शेठनी स्वतःच सांगितलं, की हे कार्ड कुणीतरी कॉम्प्युटरवर बिटकॉइनसारखी नाणी बनवायच्या नादात दिवसरात्र पळवलेलं आहे. चालेल, पण किती चालेल याची जबान मी देणार नाही. शिवाय त्याला वीजपुरवठ्याचा नवा डबा लागेल, आणि तुमच्या मापाच्या कॅबिनेटमध्ये ते बसणार नाही. लहान कार्डाला वेगळी वायरसुद्धा लागत नाही, जागेवर खोचलं की झालं.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या दिव्यांकडे बघत होत्या.

"हेच घे," त्या म्हणाल्या. "लख्ख हाय."

मी त्यांना सगळं परत समजावलं. मावणार नाही, वीज पुरणार नाही, आधीच दमलेलं आहे. स्थळाचंच उदाहरण दिलं. त्या म्हणाल्या, घर मोठं करता येतं. दुकानात आणखी वाद न घालता मी लहान कार्ड घेतलं. सासूबाई परतीच्या लाँचमध्ये माझ्याशी बोलल्या नाहीत. खोकं त्यांच्या मांडीवर होतं, आणि पाणी उडालं की पदर त्याच्यावर ओढत होत्या, पण तोंड फिरवून. रेवस दिसायला लागलं तेव्हा समोरच्या अनोळखी बाईला त्यांनी सांगितलं, "एवढ्या लांब गेलो आणि बारकंच घेऊन आलो."

रविवारी दुपारी नवऱ्यानं कार्ड बसवलं. बरोबर बसलं, बोटभर जागा उरली. मशीन सुरू झालं, पंखे फिरले. मी पडद्याची वायर लावायला गेले आणि हातात वायर धरून उभीच राहिले. आमचा मॉनिटर त्या मशीनहूनही जुना. त्याची वायर निळ्या तोंडाची, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली. नव्या कार्डाला तसं भोकच नव्हतं. मी लांबी मोजली, रुंदी मोजली, विजेचा हिशेब केला, आणि रोज डोळ्यांसमोर असलेली वायर तेवढी पाहिली नाही. नवरा जमिनीवर बसून माझ्याकडे बघत होता. त्याला बोलायला चांगली संधी होती. त्यानं ती घेतली नाही. अलिबागला मध्ये लावायचा अडॅप्टर मिळतो पण दुकान रविवारी बंद, असं म्हणून तो डोकं खाजवत बसला.

सासूबाई सगळं खुर्चीवरून पाहत होत्या. त्यांनी विचारलं, आता काय अडलं? मी सांगितलं, कार्डाला आपला पडदा चालत नाही, टीव्हीसारखा नवा पडदा लागतो.

"मंग टीव्ही हाय की."

टीव्ही बाहेरच्या खोलीत होता. नवऱ्यानं मशीन उचललं, मी की-बोर्ड आणि वायरी घेतल्या, आणि सगळं बाहेर टीव्हीखालच्या कपाटावर मांडलं. सेट-टॉप बॉक्सची वायर काढून कार्डाला लावली. पडदा उजळला. इतका वेळ लहान खिडकीतून बघितलेला डोंगर एकदम भिंतभर झाला. सासूबाई उठून पुढे आल्या, मग मागे जाऊन कॉटवर बसल्या. बर्फ पांढरा होता. त्यावर काही नव्हतं. पंख्याचा आवाजही येत नव्हता. बारकं आहे पण बरं आहे, असं त्या म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. त्या एवढंच म्हणाल्या, "चाल पुढं."

जुन्या कार्डाला लांबचं रंगवायला झेपत नसे, म्हणून मी गेममध्ये लांबचं दिसणं कमी करून ठेवलं होतं. दरीच्या पलीकडे नेहमी धुकं असायचं आणि ते डोंगरातलं धुकं आहे असं आम्ही धरून चाललो होतो. आता मी ते दिसणं वाढवलं. पलीकडे धुकं नव्हतं. उतारावर दहा-बारा घरं होती, गवतानं शाकारलेली, आणि एका घरातून धूर निघत होता.

सासूबाई चष्मा सावरून पुढे वाकल्या. मग म्हणाल्या, "तिथं वस्ती होती व्हय गो? आणि आपण कधी गेलोच न्हाय."

जाऊ या का, म्हटलं. त्यांनी वालाचं ताट बाजूला ठेवलं.

रस्ता लांबचा निघाला. पूल मोडका होता, वळसा घालून नदी उतरावी लागली. मध्ये वाटमारे आले. सासूबाई या वेळी उठल्या नाहीत, डोळ्यांवर पदर धरून बसल्या आणि झालं का, झालं का म्हणत राहिल्या. दरम्यान शेजारच्या काकू वाटीभर कैरीचं लोणचं द्यायला आल्या होत्या. दारात उभं राहून त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि हा तो घोडा, असं स्वतःशीच म्हणून आत येऊन बसल्या. आम्ही त्या वस्तीत पोचलो तोवर बाहेर दिवेलागण होऊन गेली होती. सासूबाईंनी मला घोड्यावरून उतरायला लावलं. परक्याच्या गावात असं घोड्यावर बसून कुणी जातं का? मी उतरून लगाम धरून चालायला लागले. घरांमागे भाजीचे वाफे होते. त्यांनी मला तिथं थांबवलं.

"कोबी हाय," सासूबाई काकूंना म्हणाल्या. "पण दाट लावलीय. गड्डा धरणार न्हाय."

काकूंनीही वाकून पाहिलं आणि मान डोलावली. पाणी कुठून आणतात, असं त्यांनी विचारलं. मी विहीर शोधायला निघाले. एका अंगणात कोंबड्या होत्या, एक बाई कपडे वाळत घालत होती. ती आमच्याकडे वळून बघते आहे असं सासूबाईंना वाटलं, तर त्यांनी मला तिच्याशी बोलायला सांगितलं. ती बाई गेममध्ये बोलणारी नव्हती. ती परत कपड्यांकडे वळली. सासूबाई म्हणाल्या, असू दे, कामात हाय.

नवऱ्यानं मध्येच भात लावला होता हे मला वासावरून कळलं. त्यानं सकाळचं बिरडं गरम केलं, ताटं वाढून बाहेर आणली, तिघींच्या हातात दिली. स्वतःचं ताट घेऊन दाराशी बसला आणि अजून किती वेळ चालणार आहे, असं त्यानं आईला विचारलं.

सासूबाईंनी ताट मांडीवर नीट धरलं, त्याला दिसावं म्हणून गुडघे थोडे बाजूला घेतले आणि म्हणाल्या, "आत्ताच तर पोचलो."